जमिनीला भेगा पडतात, यात नवल काय?

दुष्काळ काढा म्हटले की चित्रकार काय काढतो हे आता सांगावे लागत नाही. खाली भेगाळलेली जमीन. मधोमध उकिडवा बसलेला, कपाळाला हात लावून आभाळाकडे बघणारा म्हातारा. बाजूला बरगड्या मोजता येतील असा बैल, मागे वठलेले झाड. त्या झाडाच्या फांदीला दोर लटकवायचा की नाही, एवढाच काय तो निर्णय चित्रकाराने स्वतः घ्यायचा असतो. शाळेतली चित्रकला स्पर्धा, गणपतीतला देखावा, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, मोठ्या शहरातली आर्ट गॅलरी, कुठल्यातरी पक्षाच्या यात्रेचा फ्लेक्स, सगळीकडे हाच माणूस बसलेला आहे. वीस-पंचवीस वर्षे झाली, तो काही उठत नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातली माणसे. हे चित्र आमच्या नावाने खपले, आमच्या नावाने त्याला बक्षिसे मिळाली. तेव्हा त्याची उलटतपासणी करण्याचा हक्क आमचा आहे आणि तो आम्ही इथे बजावणार आहोत.

आधी जमिनीचे बोलू. आमच्याकडची कापसाची जमीन काळी. या मातीतली चिकण पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे दर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मागच्या वर्षी पाऊस बदाबदा कोसळला असेल तरीही पडतात. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, खालची वर येते, जमीन आपली आपणच उलथापालथ करून घेते, आणि मृगाचे पहिले पाणी त्याच भेगांतून खोल मुरते. आमच्या कास्तकाराला भेगा पडल्याची भीती वाटत नाही. काळ्या मातीचा तो स्वभावच आहे. चित्रकार मे महिन्यात गाडीने येतो, भेगेचा फोटो काढतो आणि जे वावर पुढच्या पेरणीची तयारी करत असते ते त्याला मेलेले दिसते. ज्या चित्रांत भेगा अगदी फरशी बसवल्यासारख्या नीटनेटक्या असतात, ते तर बहुधा वावर नसतेच, आटलेल्या तलावाचा तळ असतो. तलावाच्या तळात आमच्याकडे कोणी पऱ्हाटी लावत नाही.

आता पावसाचे. यवतमाळ जिल्ह्याचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आगेमागे आहे. सोलापूरला, माणदेशाला जेवढा मिळतो त्याच्या दीडपट तरी नक्कीच. नुसत्या कमी पावसाने माणूस फास घेत असता तर माणदेश कधीच ओस पडायला हवा होता. पण शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून देशभर नाव झाले ते यवतमाळचे. पाऊस आमच्याकडेही दगा देतो, मध्येच महिनाभर दडी मारतो, दुबार पेरणी करावी लागते, हे खरे आहे. पण एक पेरणी वाया गेली म्हणून घर का बुडते, हा प्रश्न पावसाला विचारून उपयोग नाही. तो बँकेला, कृषी केंद्रातल्या उधारीला, सावकाराला, कापसाच्या भावाला आणि ज्या धरणाचे कालवे वावरापर्यंत पोचलेच नाहीत त्या खात्याला विचारावा लागतो. चित्रातला म्हातारा मात्र आभाळाकडेच बघतो. त्याची मान चित्रकाराने तिकडे वळवून ठेवली आहे.

मराठीत संकटासाठी जुनी जोडी आहे, अस्मानी आणि सुलतानी. म्हणजे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते की संकटे दोन दिशांनी येतात आणि बहुतेक वेळा एकदमच येतात. आपल्या कलावंतांनी या जोडीतला एकच शब्द उचलला. कारण सोपे आहे. आभाळावर खटला भरता येत नाही. आभाळ जाहिरात देत नाही आणि जाहिरात बंदही करत नाही. आभाळाचे चित्र पालकमंत्र्यांच्या हस्ते उघडता येते. निसर्गाचा कोप हा विषय असा आहे की त्यावर सावकाराचा मुलगासुद्धा कविता करू शकतो आणि संमेलनात ती वाचून टाळ्या घेऊ शकतो.

आणि हा म्हातारा आहे तरी कोण? त्याला नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही. पण त्याच्याजवळ बैल आहे आणि तो ज्या जमिनीवर बसला आहे ती त्याची आहे. २०११ ची जनगणना काढून बघा, यवतमाळ जिल्ह्यात शेतमालकांपेक्षा शेतमजूर जास्त आहेत. या मजुरांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, कोलाम, गोंड, परधान आहेत, तांड्यावरचे बंजारा आहेत. दुष्काळात सगळ्यात आधी ज्याची रोजी बुडते तो हा माणूस चित्रात कुठे आहे? बैल आहे, झाड आहे, गिधाडसुद्धा असते. मजूर नसतो. मक्त्याने दुसऱ्याचे वावर करणारा नसतो. निंदणाला जाणारी बाई नसते. त्यांच्या नावाने सातबारा नाही, म्हणून त्यांना कॅनव्हासवरही जागा नाही.

ही काही आम्ही ओढूनताणून आणलेली तुलना नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. चार लेकरे गेली, त्या दुःखापुढे आमची मान खाली आहे. पण करपे हे जमीन बाळगून असलेले, गावाचे सरपंच राहिलेले गृहस्थ होते, म्हणून त्यांच्या मरणाला तारीख मिळाली. त्याआधी कर्जापायी आणि उपासापायी मेलेल्या सालदारांच्या, मजुरांच्या तारखा कोणी लिहिल्या? आजही आत्महत्येचे प्रकरण तहसीलमधून जिल्हा समितीकडे जाते तेव्हा पहिला प्रश्न जमीन कोणाच्या नावाने आणि कर्ज कोणत्या बँकेचे हाच असतो. जमीन नसेल किंवा कर्ज खासगी असेल तर शेरा पडतो, अपात्र. एक लाख रुपयांची ती मदत. पण गोष्ट पैशांपुरती नाही. मेलेल्या माणसाला सरकार सांगते की तुझे मरण मरणात धरले जाणार नाही. चित्रकारानेही तेच सांगितले आहे, फक्त रंगात.

यावर आमचे काही सुशिक्षित मित्र म्हणतात, कला म्हणजे पंचनामा नव्हे. कलावंत निसर्गाच्या रौद्र रूपापुढे माणसाचे क्षुद्रत्व दाखवतो, त्यात तुम्ही जात कशाला शोधता? या आक्षेपाला उत्तर द्यायला आम्ही जरा लांब, इंग्लंडला जातो.

टर्नर हा समुद्राच्या वादळांचा थोर चित्रकार. १८४० साली त्याने एक चित्र मांडले. लालभडक सूर्यास्त, उसळलेला समुद्र, दूर एक जहाज आणि पुढे पाण्यात बुडणारे साखळदंडातले काळे हातपाय. गुलामांचे व्यापारी मेलेल्या आणि मरणाऱ्या गुलामांना समुद्रात फेकत आहेत, असे त्याचे नाव आणि नावाच्या शेवटी येऊ घातलेले वादळ. या चित्राचा संबंध झॉन्ग नावाच्या जहाजाशी लावला जातो. १७८१ साली त्या जहाजावरून एकशे तीसच्या वर जिवंत माणसे समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी विमा कंपनीकडे माल बुडाल्याची भरपाई मागितली. कारण काय दिले? जहाजावर पाणी कमी पडले. पुढे न्यायालयात निघाले की शेवटची तुकडी फेकण्याआधी पाऊस पडला होता. वाचकहो, हे पुन्हा एकदा वाचा. पाणी कमी पडले म्हणून माणसे मेली, हे वाक्य पहिल्यांदा आमच्या तहसील कचेरीत लिहिले गेले असे समजू नका.

आता त्या चित्राचे रसिक बघा. रस्किन हा त्या काळचा सगळ्यात मोठा इंग्रज कलासमीक्षक. त्याने या चित्रातल्या समुद्राचे, लाटांचे, रंगांचे पानभर वर्णन केले, टर्नरची थोरवी याच एका चित्रावर उभी करता येईल असे म्हटले. आणि पाण्यात बुडणारे गुलाम? ते तळटीपेत. मुख्य मजकुरात समुद्र, तळटीपेत माणसे. टर्नरने निदान गुलाम काढले तरी होते आणि चित्राच्या नावात खुन्यांचा धंदाही लिहिला होता. रसिकाने त्यातून वादळ तेवढे उचलले. होकुसाईच्या त्या जगप्रसिद्ध लाटेचेही असेच. लाटेखाली तीन होड्या आहेत, होड्यांत वाकून बसलेले वल्हेकरी आहेत, पण टी-शर्टवर छापून फिरणाऱ्यांतल्या कितीजणांना ते दिसतात? (हाच रस्किन पुढे गांधीजींचा गुरू झाला, त्याच्या पुस्तकावरून सर्वोदय आले आणि आमच्या शेजारच्या वर्ध्यात त्याचे आश्रम उभे राहिले. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवून ठेवावा असा.)

गांधीजींचा विषय निघालाच आहे तर १९३४ कडे जाऊ. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे गेली. गांधीजींनी सांगितले की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे. वरवर बघता हे आपल्या बाजूचे बोलणे वाटते. रवींद्रनाथ टागोर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक, पण त्यांनीही याला जाहीर हरकत घेतली, कारण निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवणे म्हणजे अंधश्रद्धेला बळ देणे. आम्ही त्याच्या पुढे जाऊन विचारतो, ही शिक्षा झाली कोणाला? ढिगाऱ्याखाली जे सापडले त्यांत अस्पृश्य नव्हते काय? पाप करणाऱ्याच्या घरावर आणि पाप सोसणाऱ्याच्या घरावर एकच शिक्षा पाडणारा हा कसला न्यायाधीश? निसर्गाच्या हातात एकदा दंडुका दिला की माणसाच्या हातातला दंडुका दिसेनासा होतो. पूर्वजन्मीचे पाप आणि निसर्गाचा कोप ही एकाच घरातली भावंडे आहेत.

भूकंप जात बघत नाही, हे वाक्य आम्ही हजारदा ऐकले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली तेव्हा ते बऱ्याच अंशी खरेही होते. दगडमातीच्या जाड भिंतींची, मातीच्या जड धाब्यांची घरे कोसळली आणि माणसे झोपेत चिरडली गेली. गवताच्या, कुडाच्या हलक्या झोपडीत झोपलेले गरीब त्या मानाने वाचले. पण पुढे काय झाले? जागतिक बँकेच्या पैशातून पुनर्वसनाची घरे बांधली गेली तेव्हा घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्यावरच्याला ७५०. भूकंपाने एका रात्रीत सगळ्यांना उघड्यावर आणले होते. सरकारने फुटपट्टी घेऊन पुन्हा जिथल्या तिथे बसवले. किल्लारीची कितीतरी चित्रे, कविता, छायाचित्रे आली. ढिगाऱ्यातून बाहेर आलेला हात सगळ्यांनी काढला. ही फुटपट्टी कोणी काढली? आमच्या पाहण्यात तरी नाही.

बाबासाहेबांनी या बाबतीत काय केले ते आता बघू, कारण आमच्या मते कलावंतांसाठी याहून मोठा धडा नाही. सिद्धार्थाने घर का सोडले? रूढ कथा सांगते की त्याने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले आणि त्याला वैराग्य आले. शतकानुशतके शिल्पकारांनी, चित्रकारांनी, कवींनी हेच प्रसंग रंगवले. जरा, व्याधी, मरण. म्हणजे निसर्गच. माणसाच्या देहावर चालून येणारी निसर्गाची अटळ शक्ती. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात साधा प्रश्न विचारला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा, एकही आजारी, एकही मेलेला माणूस पाहिला नव्हता, हे बुद्धीला पटते काय? पटत नाही. मग त्यांनी त्या जागी काय ठेवले? रोहिणी नदी. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून भांडण होते, शाक्य संघ युद्धाला निघाला होता, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्या विरोधाची किंमत म्हणून गृहत्याग केला. पाण्याचे वाटप! दोन हजार वर्षांच्या चित्रपरंपरेपुढे उभे राहून बाबासाहेबांनी सांगितले की दुःखाचे मूळ दाखवायचे असेल तर पाणी कोणाला किती मिळते ते दाखवा. ज्या माणसाने २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यालाच हे सुचू शकते. महाडमध्ये तेव्हा दुष्काळ नव्हता. तळे भरलेले होते आणि आपली माणसे तहानलेली होती.

हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि पाटबंधारे, वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. दामोदरला लोक बंगालचे दुःख म्हणत. बाबासाहेबांच्या खात्याने त्या दुःखाची योजना बनवली. पूर अडवा, पाणी साठवा, वीज काढा, शेत भिजवा. १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला महानदीच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितले की जास्त पाणी ही आपत्ती समजणेच चुकीचे आहे, माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त भोगतो, म्हणून पाणी लवकरात लवकर समुद्रात ढकलण्याऐवजी साठवण्याचा विचार करा. मोठ्या धरणांनी पुढे कोणाला उठवले, कोणाचे वावर बुडाले आणि कोणाचे भिजले, यावर आमचेही प्रश्न आहेत आणि ते आम्ही वेळोवेळी मांडले आहेत. पण इथे मुद्दा नजरेचा आहे. पुराकडे बघून हात जोडणारा आणि पुराकडे बघून वही उघडणारा, यांत आमचा माणूस कोणता ते ठरलेले आहे.

आमच्या परंपरेत ही वही आधीपासून आहे. १८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या आणि २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात गुरे मरताहेत, माणसे गाव सोडून निघालीत हे आहेच. पण त्याच पत्रात सावकारही आहे, अधिकारीही आहे आणि मदतीला धावलेले सत्यशोधकही आहेत. सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या पोरक्या मुलांना जेवू घालायला आश्रम काढला. पुढे १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याचे चित्र त्यांनी इतके बारकाईने रेखाटले की घरातली भांडीकुंडी मोजून घ्यावीत. पण सोबत कुलकर्णी, भट, सावकार, गोरा कलेक्टर यांनाही ओळीने उभे केले, आणि बंधारे, तलाव कसे बांधावेत तेही सांगितले. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’त दुष्काळ आहे, मांग-महारांची उपासमार आहे. पण अण्णाभाऊ भुकेचे करुण वर्णन करून थांबत नाहीत. त्या दुष्काळात धान्याने भरलेली कोठारेही आहेत, आणि फकिरा ती फोडून उपाशी माणसांना धान्य वाटतो. लोक उपाशी असताना धान्य कुठे होते, हे ज्या लेखकाला दिसते त्याला आम्ही दुष्काळाचा लेखक म्हणू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मोठी कादंबरी आहे याबद्दल वाद नाही. पण तिच्यातला दुष्काळ ऋतूसारखा येतो आणि वाडी रिकामी करून जातो. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. ‘फकिरा’ वाचून नुसती हळहळ वाटत नाही.

१९७२ चा दुष्काळ तर अजून आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे. सुकडी, लाल ज्वारी, रोजगार हमीची खडी फोडणाऱ्या बाया. त्या दुष्काळावर किती गाणी, किती कथा झाल्या. पण त्याच १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित बायांची नग्न धिंड काढली गेली, आणि ज्या घटनांच्या संतापातून दलित पँथर उभी राहिली त्यांत ही एक होती. पाणी आटल्यावर विहिरीपाशी काय होते ते दुष्काळाच्या चित्रात येत नाही. आले तर त्याला दुष्काळाचे चित्र म्हणत नाहीत, दलित चित्रकला म्हणतात आणि वेगळ्या दालनात लावतात.

कॅमेऱ्याचा आणि कुंचल्याचा असाच एक हिशेब आहे. त्याच १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो काढले. माणसे ओळीने बसवलेली, मांडणी नीट. त्याच्यावर तेव्हाच आरोप झाला की त्याने उपाशी माणसांना फोटोसाठी बसवले आणि फोटो झाल्यावर अन्न न देताच घालवून दिले. दुसरीकडे १९४३ चा बंगालचा दुष्काळ. चित्तप्रसाद पायी गावोगाव फिरला, शाईने रेखाटने केली आणि त्यांच्यासोबत माणसाचे नाव, गाव, धंदा, घरातले कोण कोण मेले हे लिहून ठेवले. त्याचे ‘हंग्री बंगाल’ हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले. भेगाळलेल्या जमिनीचे चित्र कोणत्या सरकारने आजवर जाळले आहे? पुढे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमध्ये धान्याचा असा काही भयंकर तुटवडा नव्हताच; मेले ते शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर, ज्यांना धान्य विकत घेणे परवडेना झाले. अर्थशास्त्रज्ञाला जे दुष्काळानंतर आकडेवारी तपासून सापडले, ते चित्तप्रसादच्या वहीत १९४३ लाच होते, कारण त्याने धंदा काय म्हणून विचारले होते.

आमच्या मुलखावर आलेल्या सिनेमा-नाटकांबद्दलही बोलले पाहिजे. ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली आला. चांगला सिनेमा आहे. नवरा फास घेईल या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला मागे लावते, त्यातली घुसमट खरी आहे. तरीसुद्धा नावातली वऱ्हाडी शिवी पावसालाच आहे. २०१० चा ‘पीपली लाइव्ह’ या बाबतीत जास्त हुशार. सगळे कॅमेरे मरू घातलेल्या नत्थाच्या दारात आणि तिकडे माती खणून विकणारा होरी महतो त्याच खड्ड्यात मरून पडतो, त्याची बातमी होत नाही. तो होरी आम्ही रोज पाहतो.

२०१९ च्या जानेवारीत ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरले. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाले, गदारोळ उठला, आणि मग आयोजकांना आठवण झाली की या जिल्ह्यात शेतकऱ्याची विधवा नावाचेही कोणी असते. राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या ताठ मानेने उभ्या राहिल्या, एकट्या पडलेल्या बाईच्या जगण्याबद्दल बोलल्या, आणि आम्हाला त्यांचा अभिमान वाटला. त्यांना तिथे आणणाऱ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. सहगल आल्या असत्या तर वैशालीताई मांडवात कितव्या रांगेत बसल्या असत्या? त्या आधीपासून ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापेंनी बसवलेल्या त्या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः रंगमंचावर येतात. भेगाळलेल्या जमिनीच्या शंभर चित्रांपेक्षा हे एक नाटक आम्हाला मोलाचे वाटते, कारण त्यात मेलेला माणूस नाही, मागे राहिलेली बाई आहे, आणि तिला दीर, सासरा, बँक, तलाठी सगळे दिसतात. पोळ्याच्या झडत्या म्हणणारे आमचे अडाणी म्हणवले जाणारे कास्तकारसुद्धा भाव पाडणाऱ्याचे आणि कर्ज देणाऱ्याचे नाव घेऊन टोले हाणतात. पावसाला दोन शिव्या घातल्या तरी तेवढ्यावर त्यांचे भागत नाही.

आणि आता त्या संकटांकडे या, ज्यांचे चित्रच निघाले नाही. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो जण दवाखान्यात पडले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, औषध वर मारावे लागे आणि ते अंगावरच उतरे. मरणाऱ्यांत मोठ्या संख्येने दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणीला गेलेले मजूर होते. ना हातमोजे, ना मास्क, पाठीवर पंप. ही आपत्ती नव्हती काय? पण यात जमीन हिरवीगार होती! भेग नाही, वठलेले झाड नाही, आभाळ भरलेले. कलावंताला काही सापडेना. हिरव्यागार शेतात माणूस मरतो तेव्हा निसर्गावर नाव घालता येत नाही, औषध कंपनी, विक्रेता, मालक आणि कृषी खाते यांची तोंडे काढावी लागतात.

२०२३ च्या जुलैचेही तसेच. १९ जुलैच्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकर आदिवासींची. तीन दिवसांनी, २२ जुलैला आमच्या जिल्ह्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर चाळीसहून जास्त माणसे पाण्यात अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलावल्याची बातमी राज्यभर गाजली. २०१४ चे माळीण महादेव कोळ्यांचे, इर्शाळवाडी ठाकरांची, आनंदनगर तांडा बंजाऱ्यांचा. दरड आणि पूर यांना पत्ते कोण देते? डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या काठाला, गावाच्या सखल अंगाला वस्ती कोणाची असते आणि ती तिथे का आहे, हे ज्या चित्रात नाही त्या चित्रातले पाणी कितीही हुबेहूब असले तरी ते चित्र अर्धेच आहे. वृत्तपत्रांत हेलिकॉप्टर छापून आले. तांडा तिथे कधी आणि कसा बसला याची ओळ आम्ही शोधत राहिलो.

तेव्हा चित्रकारांनो, छायाचित्रकारांनो, सिनेमावाल्यांनो, आमच्याकडे जरूर या. पण एप्रिल-मेमध्ये येऊ नका, तेव्हा जमीन आराम करते आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात या, फवारणीवाल्यासोबत दिवसभर तासातून चाला आणि त्याचा रोज किती ते विचारा. तहसीलमध्ये जा आणि पात्र-अपात्रची यादी मागा. अपात्रांच्या घरी जाऊन माणसे काढा, नाव-गाव-धंदा लिहून. झरी, मारेगावकडे कोलामांच्या पोडावर जा, वनपट्टा मिळाला की नाही विचारा. पूर ओसरल्यावर चार दिवसांनी या, पंचनाम्याला आलेला माणूस कोणाच्या ओसरीत चहा घेतो आणि कोणाच्या दारावरून पुढे जातो ते बघा. राहायची सोय आमच्याकडे होईल. वस्तीतल्या बुद्धविहारात पंखा आहे, जेवण कोणाच्याही घरी मिळेल. येताना तेवढा तो म्हातारा सोबत आणू नका.

जय भीम.